विश्लेषण : जव्हार-मोखाड्यातील रस्त्यांचे चढ-उतार एक्सेलमध्ये कसे ठरतात?

जव्हारच्या पठारावरचा रस्ता सरळ असला तरी सपाट नसतो. चढ चढून गाडी माथ्यावर येते आणि चालकाला क्षणभर समोर फक्त आकाश दिसते. पलीकडून वडाप येते आहे, बैल उभे आहेत की मोटारसायकलवर तिघे आहेत, हे त्या क्षणी कळत नाही. अशा ठिकाणी अपघात झाला की दोष ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ या वाक्यावर टाकला जातो. प्रत्यक्षात तो माथा किती गोल ठेवायचा हे बरेच आधी, कार्यालयातल्या संगणकावर, स्प्रेडशीटच्या एका चौकोनात ठरलेले असते. त्या चौकोनात काय लिहिले जाते आणि त्यावरून रस्ता कसा बदलतो?

चढ मोजतात कसा?

रस्त्याचा चढ म्हणजे उंचीतला फरक भागिले अंतर. २० मीटर पुढे गेल्यावर रस्ता एक मीटर वर गेला, तर तो ‘एकास वीस’ किंवा ५ टक्के चढ. यासाठी मोजणी पथक लेव्हल यंत्र तिपाईवर बसवते, ठरावीक अंतरावर स्टाफ उभा करते आणि वाचने लेव्हल बुकात लिहून घेते. ज्या खुणेची उंची आधीच ठाऊक आहे, तिच्यावरून सुरुवात होते आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणाची उंची, म्हणजे आरएल, बेरीज-वजाबाकीने निघते. टोटल स्टेशन आले तरी तत्त्व तेच आहे.

ही बेरीज-वजाबाकी पूर्वी ओव्हरसिअर कंदिलाच्या उजेडात हाताने करत. आता ती एक्सेलमध्ये होते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिजीकॅल्क’ हा पहिला लोकप्रिय संगणकीय हिशेबतक्ता आणला तो व्यापाऱ्यांच्या ताळेबंदासाठी, पण रस्त्याच्या कामाला तो चपखल बसला. कारण रस्त्याचा उभा छेद हाही एक ताळेबंदच असतो. मागची वाचने आणि पुढची वाचने यांच्या बेरजांतील फरक हा पहिल्या आणि शेवटच्या उंचीतील फरकाएवढाच यायला हवा. नाही आला, तर कुठेतरी चूक आहे. हा पडताळा जुन्या लेव्हल बुकाच्या प्रत्येक पानाखाली असे. अनेक एक्सेल शीटमधून नेमकी तीच ओळ गळालेली असते, कारण ‘संगणक चुकत नाही’. संगणक बेरीज चुकत नाही हे खरे, पण १.३४५ च्या जागी ३.१४५ टाइप झाले तर तो तेही निमूटपणे मिळवतो.

उभा वक्र कशाला लागतो?

चढ आणि उतार नुसते एकमेकांना जोडले तर माथ्यावर कोन तयार होतो. गाडी तिथे उडते आणि पलीकडचे दिसत नाही. खोलगट भागात तोच कोन उलटा असतो. तिथे गाडी आपटते आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्या चढावर जवळच अडतो. म्हणून कोनाच्या जागी वक्र घालतात. आडवे वळण नकाशावर दिसते, हे वळण उभ्या छेदात असते, म्हणून ते उभा वक्र. त्यासाठी परवलय वापरतात, कारण त्यात चढाची टक्केवारी प्रत्येक मीटरमागे सारख्याच प्रमाणात बदलते. वर्तुळाच्या मानाने त्याचा हिशेबही सोपा असतो.

एक उदाहरण घेऊ. ५ टक्के चढ आणि ४ टक्के उतार माथ्यावर भेटतात. दोन्ही रेषा जिथे मिळतात, तिथे चेनेज १,२०० मीटर आणि उंची ४१२.००० मीटर आहे. वक्राची लांबी ८० मीटर ठेवली, तर तो चेनेज १,१६० ला ४१०.००० मीटर उंचीवर सुरू होतो आणि १,२४० ला ४१०.४०० वर संपतो. मधल्या प्रत्येक बिंदूसाठी नियम असा : सुरुवातीची उंची, अधिक चढ गुणिले अंतर, वजा अंतराचा वर्ग गुणिले एक स्थिरांक. हा स्थिरांक म्हणजे चढ-उतारातला एकूण फरक, इथे ०.०९, भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे ०.०००५६२५. दर २० मीटरला उंची येते ४१०.०००, ४१०.७७५, ४११.१००, ४१०.९७५ आणि ४१०.४००.

मधल्या बिंदूवर रस्ता दोन रेषांच्या छेदापेक्षा बरोबर ९० सेंटीमीटर खाली आला. जव्हारच्या काळ्या कातळात या ९० सेंटीमीटरचा अर्थ ब्रेकर आणि सुरुंग असा होतो. शिवाय सर्वात उंच बिंदू वक्राच्या मध्यावर नाही. चढ उतारापेक्षा तीव्र असल्याने तो साडेचार मीटर पुढे, चेनेज १,२०४.४४ ला आहे.

या आकड्यांची तपासणी कुणीही करू शकतो. लागोपाठच्या उंचींतले फरक काढा : ०.७७५, ०.३२५, उणे ०.१२५, उणे ०.५७५. आता या फरकांमधले फरक काढा. प्रत्येक वेळी उणे ०.४५० येते. सारख्या अंतरावरच्या बिंदूंसाठी हा दुसरा फरक कायम राहिला तरच तो वक्र खरा. तक्त्यात एक जादा रकाना घातला की चुकीची ओळ लगेच उघडी पडते.

लांबी कोण ठरवतो?

इंडियन रोड्स काँग्रेस. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीने देशातल्या रस्त्यांसाठी कायमस्वरूपी व्यवस्थेचा आग्रह धरला, त्यातून १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर. उभ्या वक्रांसाठी संस्थेची स्वतंत्र विशेष पुस्तिका आहे, तिचा क्रमांक २३.

तिचा मूळ प्रश्न साधा आहे. रस्त्यावर १५ सेंटीमीटर उंचीचा दगड पडला आहे आणि चालकाचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर आहेत. त्याला दगड इतक्या आधी दिसला पाहिजे की गाडी थांबवता येईल. हे थांबण्याचे अंतर ताशी ३० किलोमीटर वेगाला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६० आणि ८० ला १२० मीटर धरतात. वेग ५० वरून ८० वर नेला तर अंतर थेट दुप्पट होते.

माथ्यावरच्या वक्राची लांबी काढताना चढ-उतारातला फरक गुणिले या अंतराचा वर्ग, भागिले ४.४, असे करतात. आपल्या उदाहरणात ताशी ५० किलोमीटरसाठी ७३.६ मीटर लांबी येते, म्हणून ८० घेतली. मात्र हे सूत्र वक्र दिसण्याच्या अंतरापेक्षा लांब असेल तेव्हाच चालते. वक्र आखूड असेल तर दुसरे सूत्र लागते : अंतराची दुप्पट, वजा ४.४ भागिले फरक. ताशी ३० किलोमीटरसाठी पहिल्या सूत्राने १८.४ मीटर येते, पण ते ३० पेक्षा कमी असल्याने चुकीचे ठरते. दुसऱ्या सूत्राने ११.१ मीटर येते आणि मग किमान लांबीची १५ मीटरची अट लागू होते. स्प्रेडशीटमध्ये ‘जर-तर’चा हा फाटा घातला नसेल, तर आकडा येतो, दिसायला बरा दिसतो आणि चुकीचा असतो.

मग एका चौकोनाने इतका फरक पडतो?

पडतो. एकाच माथ्यासाठी १५ मीटर आणि ८० मीटर अशी दोन उत्तरे आली, दोन्ही नियमात बसणारी. फरक फक्त वेगाच्या चौकोनात ३० लिहिले की ५० याचा. ‘इतर जिल्हा मार्ग’ या वर्गासाठी भूभाग उंचसखल धरला तर संकल्पित वेग ५० आहे, डोंगराळ धरला तर ३०. ग्रामीण मार्गाला डोंगराळ भागात २५ सुद्धा चालतो. जव्हार-मोखाडा डोंगराळ आहे हे कुणी नाकारणार नाही. पण घाट चढून वर आल्यावरचे पठार, माळ आणि पाड्यांमधले लांब सरळ तुकडे हे प्रत्यक्षात उंचसखल आहेत. तिथे गाड्या घाटातल्या वेगाने धावत नाहीत.

खर्चाचा हिशेब पाहिला की ३० लिहिण्याचा मोह समजतो. जमीन त्या दोन रेषांना धरूनच आहे आणि रस्त्याची रुंदी सहा मीटर आहे असे मानले, तर ८० मीटरच्या वक्रासाठी माथ्यावर १४४ घनमीटर कातळ काढावा लागतो. १५ मीटरच्या वक्रासाठी जेमतेम पाच. अंदाजपत्रकात जागा नसेल तर कनिष्ठ अभियंता काय निवडेल, हे सांगायला नको. त्याने नियमही मोडलेला नसतो.

आता त्याच १५ मीटरच्या माथ्यावर उद्या डांबर पडते आणि खोडाळ्याहून निघालेली जीप ताशी ५० ने येते. सूत्र उलटे फिरवले तर त्या चालकाला दगड दिसतो ३२ मीटरवर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद जातात असे रोड्स काँग्रेस मानते. ताशी ५० च्या वेगाने अडीच सेकंदांत गाडी जवळपास ३५ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी दगडापर्यंत पोहोचलेली असते.

एकेरी रस्त्यावर परिस्थिती आणखी बिकट होते. पावणेचार मीटरच्या डांबरी पट्ट्यावर समोरून दुसरी गाडी आली तर दोघांनाही थांबावे लागते, त्यामुळे लागणारे अंतर दुप्पट होते. ताशी ५० साठी ते १२० मीटर होते आणि वक्र १३५ मीटरचा लागतो. १५ मीटरच्या वक्रावर समोरच्या गाडीचा टप ६१ मीटरवर दिसतो. शाळेच्या वेळेला, आठवडी बाजाराच्या दिवशी, टपावरही माणसे बसलेल्या गाड्या या रस्त्यांवर असतात.

रस्ता मिळणेच मोठी गोष्ट नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि जव्हार-मोखाड्यात तो झटकून टाकता येत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हा पाड्यांपर्यंत वाहन न पोहोचणे हे त्या दुर्दशेतले एक कारण होते. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडीत घरीच प्रसूत झालेल्या महिलेची जुळी अर्भके दगावली आणि तिला झोळीत घालून निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागले. अशा पाड्याला ‘तुमचा माथा नीट गोल बसत नाही’ म्हणून रस्ता नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २५ डिसेंबर २००० पासून आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकवस्तीपर्यंतच्या वस्त्या धरल्या. नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमनने कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी ही मर्यादा १०० वर आणली. पुढची कामे अधिक लहान, अधिक अवघड जागच्या पाड्यांची असणार आहेत.

नेमके म्हणूनच चढाचा हिशेब इथे महत्त्वाचा. ज्या रस्त्याने रुग्णवाहिका चढू शकत नाही, तो रस्ता पाड्याच्या उपयोगाचा नाही. डोंगराळ भागात नेहमीच्या चढाची मर्यादा ५ टक्के, नाइलाजाने ६ आणि अपवादात्मक तुकड्यावर ७. अतिउताराच्या भागात हेच ६, ७ आणि ८. शंभर मीटर उंची गाठायला ६ टक्क्यांनी १,६६७ मीटर रस्ता लागतो, ८ टक्क्यांनी १,२५०. जवळपास सव्वाचारशे मीटर वाचतात, सहा मीटर रुंदीने पाव हेक्टर जमीन वाचते. ती बहुधा वनजमीन असते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने गावाच्या रस्त्याला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे एवढीच मुभा आहे. त्या मर्यादेत बसण्यासाठी चढ तीव्र केला जातो. पावसात, शेवाळलेल्या काँक्रीटवर, ८ टक्के चढावर थांबलेली रुग्णवाहिका पुन्हा उचलणे किती कठीण असते हे तिचा चालकच सांगू शकेल.

नागमोडी वळणावर तर चढ कमी करावाच लागतो. वळणाची त्रिज्या २० मीटर असेल तर सूत्राने अडीच टक्क्यांची सूट निघते. ६ टक्क्यांचा चढ साडेतीनवर येईल, पण नियम म्हणतो की ४ च्या खाली न्यायची गरज नाही. इथेही स्प्रेडशीटमध्ये ‘४ पेक्षा कमी नको’ ही अट हाताने घालावी लागते. यू आकाराच्या वळणात तर चढ एकास चाळीस, म्हणजे अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातून नाशिकला हलवलेला रुग्ण मोखाड्यापुढे तोरंगण घाटातून जातो. त्या वळणांवर अवजड वाहने धापा टाकताना दिसतात तेव्हा या अडीच टक्क्यांचे मोल कळते. शेजारच्या थळ घाटात, कसाऱ्याजवळ, रेल्वेचा चढ एकास सदतीस आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात. रस्त्याच्या वाहनांना ती सोय नाही.

खोलगट भागाचे काय?

खोलगट भागात निकष दिव्याच्या झोताचा असतो. गाडीचा दिवा जमिनीपासून पाऊण मीटरवर आणि झोत एक अंश वर, असे धरतात. ५ टक्के उतार आणि ४ टक्के चढ ताशी ५० साठी जोडायचा तर ९० मीटरचा वक्र येतो. प्रवाशांच्या पोटात गोळा येऊ नये या निकषाने ४० मीटर पुरतात, पण लांबी जास्त येणाऱ्या निकषाने ठेवायची असते. तक्त्यात पुन्हा एक ‘जी मोठी ती’ची अट.

इथे जव्हारचा पाऊस मध्ये येतो. या वक्राचा तळ मध्यावर, ४५ मीटरवर नसतो. तो सुरुवातीपासून ५० मीटरवर असतो. मोरी ओढ्याच्या जागी बसते हे खरे, पण रस्त्यावरचे आणि गटारातले पाणी तळाशी जमते. गटाराचा निकास मध्यावर काढला तर पाणी पाच मीटर पुढे साचून राहते. शिवाय तळाच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा मीटरचा पट्टा असा असतो की तिथे चढ अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे जवळपास सपाट. दरवर्षी खड्डे पडतात ते अशाच जागी. ‘पावसाने रस्ता खराब झाला’ या तक्रारीतला बराचसा भाग या पाच मीटरचा असतो.

एक्सेलमधल्या चुका कोणत्या?

पहिली टक्क्यांची. कुणी ५ लिहितो, कुणी ०.०५, कुणी ५ पुढे टक्क्याचे चिन्ह देतो. सूत्र एका पद्धतीचे आणि आकडा दुसऱ्या, तर उंची शंभरपट चुकते. ही चूक मोठी असल्याने सापडते तरी. लहान चुका अधिक वाईट. ‘१+२००’ असे लिहिलेले चेनेज संगणक अंक न समजता मजकूर समजतो. डॉलरचे चिन्ह घालून चौकोन स्थिर केला नाही, तर सूत्र खाली ओढताना स्थिरांकाचा संदर्भही खाली सरकतो. मागच्या रस्त्याची फाइल नाव बदलून वापरली की कुठल्या तरी चौकोनात सूत्राऐवजी जुना आकडा चिकटलेला राहतो.

सर्वात फसवी चूक वर्गाची आहे. वहीत ‘उणे तीनचा वर्ग’ लिहिताना आधी वर्ग करून मग उणे चिन्ह लावतात, उत्तर उणे ९. एक्सेलमध्ये सूत्राच्या सुरुवातीलाच उणे चिन्ह दिले, तर ते आधी तीनला लागते आणि मग वर्ग होतो. उत्तर अधिक ९. लिब्रेऑफिस आणि गुगलचा तक्ताही तसेच वागतो. माथ्याच्या वक्राचे सूत्र त्या पदापासून सुरू केले, तर माथ्याचा खड्डा होतो आणि कागदावरचे आकडे तरीही गुळगुळीत दिसतात. कंस घातला की प्रश्न मिटतो.

ही रडकथा फक्त ग्रामीण कार्यालयांची नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेतून करोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण जुन्या एक्सेल फाइलच्या ओळी संपल्या होत्या.

तपासणी कुठे होऊ शकते?

तांत्रिक मंजुरीच्या टेबलावर. तिथे प्रस्तावासोबत छापील तक्ता किंवा पीडीएफ गेली, तर आकडे दिसतात, सूत्रे दिसत नाहीत. मूळ फाइल सोबत मागितली, सूत्रांचे चौकोन कुलूपबंद ठेवले, दुसऱ्या फरकाचा रकाना सक्तीचा केला आणि संकल्पित वेग व भूभागाचा वर्ग पहिल्या पानावर कारणासह लिहायला लावला, तर यातले काहीच खर्चिक नाही. वेगाचे कारण लिहावे लागले की पठारावरच्या सरळ तुकड्याला ‘डोंगराळ’ म्हणणे अवघड जाईल.

जे माथे आधीच आखूड बांधले गेले आहेत, ते सगळे फोडणे शक्य नाही. तिथे वेगमर्यादेची पाटी आणि माथ्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी बाजूला घेण्याची जागा, एवढे होऊ शकते. डोंगरी एकेरी रस्त्यावर किलोमीटरमागे अशा दोन-तीन जागा असाव्यात, प्रत्येक पावणेचार मीटर रुंद आणि आतल्या कडेने तीस मीटर लांब, असे मानक आहेच. रस्त्याच्या नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात त्या जागा माथ्याजवळ मागता येतात, आणि ती मागणी ग्रामसभेच्या ठरावातूनही जाऊ शकते.